सायकलच्या चाकातले बाबा

१४ ऑक्टोबर, गुरुवार

तो कान बाबांचाच आहे! पैजेवर सांगते.

दुपारी शेजारची फिलिस आली, नेहमीसारखी न विचारता, टॅब्लेट छातीशी धरून. तिला ऑनलाइन लिलावांचं व्यसन लागलंय. कोण कुठे मेलं, कुणाचं घर मोकळं होतंय, त्यात काय स्वस्तात मिळतंय — दिवसभर हेच. गेल्या महिन्यात एक पायपेटी घेतली बाईनं. चौघांना उचलत नाही, तिच्या गॅरेजात पडलीय, आणि गाडी बाहेर पावसात.

"अगं आर्लीन, हे बघ. तुझ्या वडिलांच्या धंद्यातलं निघालंय!"

धंद्यातलं! बाबा दीड उन्हाळा बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये चेंडू टाकणारे पिचर होते आणि उरलेला जन्म केचपच्या कारखान्यात. त्यातला धंदा कुठला ते तिनंच सांगावं.

फोटोत एक फुलाफुलांचा टेबलक्लॉथ. त्यावर बुटांची खोकी, त्यात बेसबॉलची जुनी कार्डं खच्चून भरलेली. आम्ही लहान असताना च्युइंगगमच्या पाकिटातून यायची ती. एका बाजूला खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. खोक्यांच्या कडेला सिगारची एक लाकडी पेटी, झाकण अर्धवट उघडं. आणि त्या झाकणाच्या सावलीत, सगळ्यात वरच्या कार्डावर, टोपीचा काठ, अर्धा गाल आणि एक कान. बाहेर आलेला, वरून दुमडलेला. तोच कान माझ्या डोक्याला आहे. जन्मभर केसांखाली लपवत आलेय.

फिलिसला म्हणाले, "कचरा आहे सगळा." ती गेल्यावर तिच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांचा खेळाच्या कपड्यातला एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यांनीच जाळले — परसातल्या पिंपात, पाचोळ्याबरोबर. त्या संघाचं नावसुद्धा घरात घ्यायचं नाही, असा दंडक होता. मी अजून घेत नाही. इथेही लिहिणार नाही.

झालं होतं एवढंच, की शेवटच्या सामन्यात त्यांनी चेंडू भरकटवून ओळीनं चार जणांना फुकट बेस दिले आणि पाचव्यानं चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. संपलं! ओरव्हिल ह्यूबर परत ओहायोत, टोमॅटोच्या कढईपाशी. पण कंपनीनं कार्ड छापून ठेवलेलं होतं ना. ते पुढे दोन वर्षं दुकानांतून येत राहिलं. गल्लीतली पोरं पाकीट फोडायची आणि बोंबलायची — "च्यायला, पुन्हा ह्यूबर!"

आमच्याच फाटकासमोर.

१७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये प्रवचनाकडे लक्ष नव्हतं. फर्रर्र आवाज डोक्यात.

मोठ्या खेळाडूची कार्डं पोरं जपून ठेवायची. जे कुणालाच नकोत त्यांची सायकलला लावायची. कपड्यांच्या चिमट्यानं कार्ड दांडीला अडकवायचं, चाक फिरलं की स्पोक त्याच्यावर आपटतात, मोटरसायकलसारखा आवाज होतो. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त कुणाचं कार्ड साठलं होतं? सांगायला नको. संध्याकाळी बाबा कारखान्यातून यायचे, अंगाला टोमॅटोचा आंबूस वास, पोर्चवर बसून बूट सोडायचे. आणि समोरून पाच-सहा सायकली. फर्रर्र! बाबा एक बूट सोडून, एक तसाच ठेवून, उठून आत जायचे.

आणि माझा भाऊ डेल! मी नऊ वर्षांची, तो अकरा. शाळेच्या मागे जिथे सायकली लावतात तिथे तो एका चाकाशी उकिडवा बसलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. एका हातात चिमटा, एका हातात बाबांचं कार्ड. मला पाहून लालबुंद झाला. "जा घरी," एवढंच म्हणाला.

सख्खा मुलगा! परक्यांच्या पोरांचं मी काय घेऊन बसलेय.

१८ ऑक्टोबर, सोमवार

बोली लावली. माझ्या बोलीवर लगेच कुणीतरी चढलं. एकेचाळीस नंबर. नावं दाखवत नाहीत, नुसते नंबर.

२० ऑक्टोबर, बुधवार

फिलिसला सांगावंच लागलं, मला त्या वेबसाइटचं काही उमगेना. तिनं आधी भरपूर हसून घेतलं. "कचरा म्हणालीस ना गं? कचऱ्यावर एवढा जीव?" मग कानाबद्दल सांगितलं तेव्हा माझे केस बाजूला करून बघितलं. आगाऊ बाई. पण शिकवलंन सगळं.

माल विकणाऱ्याला आता मागे घेता येत नाही — एकदा बोली पडली की पडली. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली तर वेळ आपोआप वाढते, म्हणून डुलकी काढायची नाही. आणि कुणाचं घर, कुठला पत्ता, हे जिंकल्याशिवाय कळत नाही. "आधी सांगितलं तर चोर येतील ना," ती म्हणाली. माल आपण जाऊन आणायचा. आपल्याच भागातला आहे, एवढं लिहिलंय.

म्हणजे आमच्या गल्लीतलाच कुणी म्हातारा खपला असणार. ज्यांनी बाबांना चाकात फिरवलं त्यातला एक. बरं झालं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

एकेचाळीस पुन्हा वर. फिलिस म्हणते कुणी शिकागोचा धनदांडगा संग्राहक असेल. त्याला काय कळतंय त्या कानाचं? त्याला आकडे हवेत, कोपरे हवेत. कोपरा मुडपला की यांच्या पोटात दुखतं!

माझे खालचे दात करायचे आहेत. त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. सूप वाईट नसतं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

कपाटातून कोट काढताना बाबांच्या मयताची आठवण झाली. चर्चच्या तळघरात जेवण होतं — हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, बायकांनी आणलेले केक. डेल सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता, थोरला म्हणून. लोक म्हणत होते, "ओरव्हिल गुणी माणूस, नशीब नव्हतं बिचाऱ्याला." आणि डेल मान डोलवत होता. मला नाही सहन झालं. सगळ्यांसमोर विचारलं, "चाकाला कुणी लावलं रे आपल्या बापाला? सांग की यांना!"

त्यानं हातातली प्लेट टेबलावर ठेवली, टोपी घेतली आणि जिना चढून गेला. त्यानंतर बोलणं नाही. दोन गावं पलीकडे राहतो, कधी फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. खोटं असतं तर बोलला असता ना? ज्याच्या मनात चोर असतो तोच असा निघून जातो.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. आजही विचारेन.

२४ ऑक्टोबर, रविवार

जिंकले!

संध्याकाळी फिलिस आली, मक्याचं सूप घेऊन (टोमणाच होता तो). दोघी स्वयंपाकघरात टॅब्लेटसमोर. शेवटचं मिनिट आलं की एकेचाळीस. मी चढले की पुन्हा वेळ वाढायची. पुन्हा एकेचाळीस. आधी पटापट यायचा. मग उशिरा यायला लागला, अगदी थोडं थोडं वाढवून. फिलिस म्हणाली, "खिसा चाचपतोय बघ मेला." मला इतका चेव आला! अशी बोली लावली की वरचेही दात गेले असते. आणि मग आकडा हलेना. घड्याळ शून्यावर.

"कुणाशी भांडत होतीस गं एवढी?" फिलिस म्हणाली. "चेहरा बघ तुझा आरशात."

एकेचाळीस, कोण असशील तो — बस आता चडफडत.

२५ ऑक्टोबर, सोमवार

पत्ता आला.

डेलचं घर.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

डेल गेला आणि मला कुणी कळवलं नाही.

वेबसाइटवर इस्टेट म्हणून लिहिलंय. मेलेल्या माणसाच्या घराचंच तसं लिहितात. मी सकाळी उठून पहिलं पान निधनवार्तांचं उघडते, त्यात तो नव्हता. पण त्याची बायको गेली तेव्हाही मला महिन्यानं किराणा दुकानात कळलं. एक फोन जड झाला यांना! बहीण आहे मी. सांगायला दुसरं कोण होतं त्याचं?

रडू आलं नाही. राग आला. मेला तोही न सांगता. आणि बाबांचं कार्ड त्याच्याकडे होतं, इतकी वर्षं. माझ्याकडे एकही नाही हे त्याला ठाऊक होतं. एक दिलं असतं तर काय झिजला असता?

२८ ऑक्टोबर, गुरुवार

खाल्लं नाही. फिलिस म्हणते ती बरोबर येते. नको म्हटलं.

३० ऑक्टोबर, शनिवार

जिवंत आहे!

सगळं नीट लिहिते.

डेलच्या अंगणात गाड्याच गाड्या. लोक त्याचे दिवे, शिड्या, आरसे घेऊन चाललेले. दारात रॉशेल, त्याची मुलगी. शेवटची पाहिली तेव्हा शाळेत होती, आता केस पांढरे व्हायला लागलेत. हातात यादी. मी माझा नंबर सांगितला. तिनं वर पाहिलं.

"आत्या? तुम्ही?"

"कधी गेला?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"कोण?"

"तुझा बाप."

आतून खोकल्याचा आवाज आला. रॉशेल म्हणाली, "घर विकलं हो आत्या. पप्पांना मंगळवारी कोलंबसला नेतेय, माझ्याकडे. एकट्याला जिना झेपत नाही आता. इस्टेट लिहिलं की गिऱ्हाईक जास्त येतं, असं लिलाववाले म्हणाले."

मी भिंत धरली. आणि पुढच्याच क्षणी असा संताप आला, की चार दिवस मी या माणसाला मेला समजून उपाशी बसले होते!

स्वयंपाकघरात गेले. सगळ्या खुर्च्यांवर विकल्याच्या चिठ्ठ्या, म्हणून डेल तिथे अंगणातून आणलेल्या घडीच्या खुर्चीत बसलेला. सुकलाय. मान बाबांसारखी पुढे आलीय. मला बघून उठायला गेला, उठता आलं नाही. सत्तावीस वर्षांनी पहिलं वाक्य काय असावं?

"दात कुठे गेले तुझे?"

"तुझ्या त्या खोक्यांत गेले!"

त्याला कळेना. मग रॉशेल मागून आली आणि बोलून बसली, "पप्पा, अहो ती आत्याच होती! तुम्ही जिच्यावर बोली—" आणि जीभ चावली.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"एकेचाळीस तू?"

"शेजारच्या मर्लच्या नावावर," तो म्हणाला. "मला चालत नाही ना लावायला. माझाच माल."

आवाज चढला माझा, अंगणातले लोक थांबून बघायला लागले. स्वतःच्या मालावर स्वतः बोली! भाव चढवायला! सख्ख्या बहिणीचा खिसा कापलास! "मला माहीत नव्हतं तू आहेस," तो म्हणाला. म्हणजे दुसऱ्याचा कापला असतास तर चाललं असतं?

"तसं नाही हो आत्या," रॉशेल म्हणाली. "ती पेटी मी चुकून त्या सामानात—"

"रॉशेल. पुरे." डेलचा तोच आवाज. जा घरी, म्हणाला होता तोच.

मग मी बोलले. इतकी वर्षं घासून ठेवलेलं होतं, एका दमात बाहेर पडलं. "आधी बापाला चाकाला लावलंस, आता बाजारात मांडलंस. एकदा फुकट फिरवलंस, एकदा पैसे घेऊन!"

आता तरी भांडेल असं वाटलं. नाही. बसला आपला हातांकडे बघत. बोटं सगळी वाकडी झालीत त्याची. मर्लनं खोकी माझ्या गाडीत नेऊन ठेवली. सिगारची पेटी सर्वांत शेवटी, डेलनं मांडीवरून उचलून स्वतः माझ्या हातात दिली. सोडवत नव्हती त्याला, स्पष्ट दिसत होतं. लोभी!

"बाकीच्याचं काय करायचं ते कर," म्हणाला. "ही पेटी कोरडी ठेव."

एवढंच. मीही मागे वळून पाहिलं नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

हॅलोविन. संध्याकाळपासून पोरं दाराशी — चेटकिणी, सांगाडे, एक मधमाशी. खाऊ वाटला. मला त्यातलं काही चावत नाही.

दुपारी फिलिसनं खोकी उपसली. तिला वाटलं होतं एखादं तरी मोठं नाव निघेल आणि माझे दात परत येतील. एकेक कार्ड काढून टॅब्लेटवर शोधत होती आणि चेहरा पडत चालला होता. "आर्लीन, यात एकसुद्धा चांगला खेळाडू नाही गं! सगळे सोमेगोमे, कुणी ओळखत नाही असे. त्या काळच्या पोरानं एवढी कार्डं जमवली आणि एकही बडा नाही? कुठल्या गाढवाचा संग्रह हा?"

"माझ्या भावाचा," म्हटलं.

तसा तो होताच. आत्ता आठवलं — गल्लीतली पोरं त्याला खुळा डेल म्हणायची. सगळ्यात चांगली कार्डं त्याच्याकडे असायची आणि तो ती उधळून टाकायचा. ज्याच्यासाठी इतर पोरं मारामाऱ्या करायची तसलं कार्ड देऊन बदल्यात काहीतरी फालतू घेऊन यायचा. आई वैतागायची, "तुला कुणीही फसवतं रे!" एका उन्हाळ्यात त्याच्याकडे चांगलं काही उरलंच नाही. त्याच सुमारास पोरांचं ते सायकलींचं खूळही संपलं. बाबा पोर्चवर दोन्ही बूट सोडून बसायला लागले. पोरं मोठी झाली असतील.

फिलिसला सिगारची पेटी उघडायची होती. मी नाही दिली. बाबांना मी एकटीनं बघणार. आणि आज नको — आज अजून त्या पेटीवर डेलचा हात दिसतो.

१ नोव्हेंबर, सोमवार

उघडली.

वर बाबा. हसताहेत, टोपी मागे सरकवलेली. मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. ते कार्ड उचललं तर खाली बाबा. त्याच्याखाली बाबा. पेटीभर बाबाच, दुसरं कुणी नाही. एकही धड नाही — प्रत्येकाच्या कडेला चिमट्याचा वण, प्रत्येकाचा खालचा काठ स्पोकनी झिजवून मऊ केलेला. कशावर चिखल, कशावर ग्रीस. आणि तळाशी लाकडी चिमटे, मूठभर, तऱ्हेतऱ्हेचे. घरोघरीचे.

त्या दिवशी शाळेच्या मागे तो कार्ड लावत नव्हता.

रॉशेल त्याला उद्या नेणार. मी आत्ताच निघते. काय बोलायचं ते ठरलं नाही, डेललाही बोलता येत नाही, बसू दोघं. पाऊस लागलाय. पेटी कोटाच्या आत घेतलीय.